टिटवी आधी ओरडली

टिटवी घसा फाटेस्तोवर सांगत होती, पण गडावर तिचं कुणी मानलंच नाही. राजे गेले, गड ओस पडला आणि शेळ्यांनी तिथं बस्तान मांडलं, त्या काळची ही गोष्ट. महादरवाज्यावर सगळ्या कळपाचा पहारा असे. मागचा चोरदरवाजा मात्र एकट्या भुऱ्या कुत्र्याच्या भरवशावर. टिटवीची अंडी तिथंच उघड्या कातळावर होती, म्हणून तिला दिसलं. कोल्हा येऊन हाडूक टाकायचा आणि भुऱ्या शेपूट हलवत बाजूला सरायचा.

"ढवळाआजी, तुमचा पहारेकरी फितूर झालाय," तिनं म्हाताऱ्या शेळीला सांगितलं.

"तू वारा सुटला तरी बोंबलतेस, बाई. गप अंडी उबव."

"अंडी माझी आहेत, पण करडं तुमची जातील."

आणि गेलीच. टिटवी ओरडत राहिली, कोल्ह्यानं ढवळाआजीची दोन्ही नातवंडं उचलली.

सकाळी पंचायत बसली. भुऱ्या ओठ चाटत म्हणाला, "आधी ही ओरडली, मग करडं गेली. तुम्हीच बघा, अवदसा कोण बोलावतं ते."

सगळ्यांना पटलं. कुत्र्यावर संशय घेतला तर चोरदरवाजा राखणार कोण?

करडं कुणापायी गेली, हे त्या डोंगरात आजही विचारा. एकच नाव सांगतील: टिटवी.