सशांच्या टेकडीची खबर

सागवानाच्या एका दाट रानात एक कोतवाल पक्षी राहत असे. काळाभोर, दुभंगलेल्या शेपटीचा आणि स्वतःच्या कामावर भारी खूश. थंडी पडली की रानात सर्दी-तापाची साथ येई. कुठे किती जण आजारी आहेत, हे रोज सिंहाला सांगायचे काम या कोतवालाचे. सकाळी प्रत्येक वस्तीतून एक जण हाक देई, कोतवाल उंच शेंड्यावर बसून ती ऐके, आणि जिथे आजार जास्त तिथे वैद्य अस्वल अडुळशाचा काढा घेऊन जाई.

त्या वर्षी साथीने चांगलाच जोर धरला. टेकडीवरच्या म्हाताऱ्या सशाने हाक दिली, "आज पाच आजारी." दुसऱ्या दिवशी, "आज अकरा." तिसऱ्या दिवशी हाकच आली नाही. इकडे वानरांनी मात्र दोघांना शिंका आल्या म्हणून सारे रान डोक्यावर घेतले होते. कोतवालाने सिंहाला ऐटीत सांगितले, "महाराज, टेकडीवर आता कोणी आजारी नाही. काढा वानरांकडे पाठवावा." वानरांनी काढा प्यायला, वर कडू म्हणून नाकेही मुरडली. असे चार दिवस चालले.

पाचव्या दिवशी तळ्यातल्या कासवाने कोतवालाला विचारले, "टेकडीवर कोणी आजारी नाही, असं तुला सांगितलं कोणी?"

"सांगायला कशाला हवं? हाक नाही म्हणजे सगळे बरे."

"जाऊन पाहिलंस?"

कोतवाल तसाच टेकडीकडे उडाला.

मुलांनो, तिथे त्याला काय दिसले ठाऊक आहे? जाळीत एकही ससा उभा नव्हता. तापाने फणफणलेली पिल्ले आयांना चिकटून पडली होती. झरा वीस पावलांवर, पण तिथवर जायचे बळ कोणात नव्हते. हाक देणारा म्हातारा ससा तर झऱ्याच्या वाटेवरच मरून पडला होता. त्याला जाऊन दोन दिवस झाले होते. कोतवाल ओरडत सुटला आणि अस्वलाला घेऊन आला. काढा पोटात गेल्यावर संध्याकाळपर्यंत पिल्लांनी डोळे उघडले.

कोतवाल मान खाली घालून एका सशिणीजवळ बसला. "मला वाटलं, तुम्ही सगळे बरे झालात," तो म्हणाला.

सशिणीचा आवाज पार बसला होता. ती हळूच म्हणाली, "आजोबा शेवटपर्यंत आम्हाला धीर देत होते. म्हणत होते, 'माझ्यात आता हाक द्यायचं त्राण नाही, पण घाबरू नका. हाक थांबली की कोतवाल धावत येईल.'"

तात्पर्य : ज्याच्याकडून खबर येत नाही, तो सुखरूप आहे असे समजू नये, त्याच्याकडे सर्वांत आधी जावे.