सारजाईचा हात

फार वर्षांपूर्वी, माळावर वाटा थोड्या आणि लांडगे जास्त होते, तेव्हाची ही गोष्ट. वाघरमाळ नावाचं धनगरांचं एक लहानसं गाव होतं. घरं मोजकी, मेंढरं अमाप. तिकडे दोरासाठी ना ताग पिकायचा ना अंबाडी, जे काही होतं ते मेंढरांच्या पाठीवर होतं. म्हणून पांघरायची घोंगडी लोकरीची, आणि कोकरांच्या वाड्याभोवती लावायची जाळीही लोकरीचीच. या जाळीला वाघर म्हणतात. मेंढ्या चरायला गेल्या की खुंट ठोकून वाघर ताणायची, कोकरं आत ठेवायची आणि लांडगे बाहेर. निदान माणसांचा बेत तरी तसा असायचा. लांडग्यांना तो मान्य नसायचा.

या वाघरीची एक रीत होती. घरात नवी सून आली की कोकरांची वाघर तिने स्वतः सूत कातून विणायची. वाघर टिकली तर सून चांगल्या पायगुणाची. तुटून लांडगा आत शिरला तर सुनेचा पायगुण वाईट, आणि तिची रवानगी माहेरी. लांडग्याला काय वाटतं हे कोणी कधी विचारलं नाही.

अशा या गावात गोदाक्काच्या घरी सारजा सून म्हणून आली. तिच्या माहेरी म्हशी होत्या. तिला धार काढता यायची, लोणी काढता यायचं, पण टकळी तिने कधी हातात धरली नव्हती. गोदाक्का जिभेने तिखट होती. लोकर कशी पिंजायची, पिंजलेल्या लोकरीचा पेळू कसा धरायचा, टकळीला गिरकी कशी द्यायची, हे तिने सुनेला दाखवलं आणि दाखवताना चार शब्दही सुनावले. सारजाचं सूत कसं व्हायचं? इथे बोटाएवढं जाड, तिथे केसाएवढं बारीक. पाणवठ्यावरच्या बायका म्हणायच्या की गोदाक्काच्या सुनेने सूत नाही, आळ्या कातल्यात. सारजाही त्यांच्याबरोबर हसायची, आणि घरी येऊन पुन्हा टकळी घेऊन बसायची. तिला हा माळ आवडला होता. अबोल नवरा म्हंकू आवडला होता. आणि खरं सांगायचं तर तिखट सासूही आवडायला लागली होती.

तिने जमेल तशी वाघर विणली. थंडीच्या दिवसांत, एका धुक्याच्या सकाळी, लांडग्याने नेमक्या बारीक सुताच्या जागी तोंड घातलं आणि एका हिसक्यात वाघर फाडली. काही कोकरं गेली. त्यांत आईने टाकलेलं एक काळं कोकरू होतं, सारजाने बोटाने दूध चाटवून जगवलेलं. त्या दिवशी ती जेवली नाही. वाड्याजवळ बसून रडली, आणि तिला कोणी उठवलं नाही.

गावचा म्हातारा जाणता होता धुळाबा. रीत त्याच्या तोंडून बोलायची. तो वाड्याशी आला, फाटकी वाघर त्याने काठीने उचलून पाहिली.

"नवी पोर हाय, शिकतीया, म्हणून एकडाव सोडतो," तो म्हणाला. "अवसेच्या आत दुसरी वाघर लाव. ती तुटली, तर म्हंकू तुला बापाच्या दारात सोडून येईल."

म्हंकू जमिनीकडे बघत उभा राहिला. थोरांपुढे बोलायची त्याची प्राज्ञा नव्हती.

सारजाने विचार केला, एक धागा तुटतो तर दोन धागे एकत्र वळावेत. विचार सरळ होता. पण वाघरमाळात टकळी फिरायची ती उजवीकडेच, ज्या अंगाने बिरोबाला प्रदक्षिणा घालतात त्याच अंगाने. तिने दोन धागे घेतले आणि तसेच उजवीकडे वळले. झालं! सूत खवळलं. जागोजागी वळ्या पडल्या, डुकराच्या शेपटीसारखं ते गुंडाळायला लागलं. मग घोंगडीचं सूत सरळ करायला बायका करायच्या तसं तिने केलं. लड ओली केली, खाली धोंडा बांधला आणि वाळत टाकली. धोंडा होता तोवर सूत शहाण्यासारखं सरळ राहिलं. धोंडा सोडला, दव पडलं, की पुन्हा सगळ्या वळ्या परत.

अवस जवळ आली. सारजा दमून ओढ्याकाठी बसली होती. कातलेला एक धागा मधोमध दुमडून तिने टकळीला अडकवला होता, आणि कंटाळून टकळी तशीच लोंबत सोडून दिली. तेव्हा, असं म्हणतात, वारा नव्हता, कोणाचा हात लागला नव्हता, आणि टकळी आपोआप फिरायला लागली. ती डावीकडे फिरली. दोन्ही पदर एकमेकांभोवती वळले, टकळीची गती कमी होत गेली आणि ती थांबली. सारजाने धागा उचलून पाहिला. एकही वळी नाही. एका पदराची जाड जागा दुसऱ्याच्या बारीक जागेला बिलगली होती. तिने ताणून पाहिला, तो तुटला नाही.

आता पंचाईत अशी की त्या गावात टकळी डावीकडे फिरवायचे ते फक्त कोणी मेलं तर. तिरडीला बांधायचा धागा तेवढा उलट्या हाताने वळायचा. जित्या माणसाच्या घरात तसं करणं म्हणजे मरणाला आवतण. सारजाला हे ठाऊक होतं. तरी ती लपली नाही. भर दुपारी अंगणात बसली आणि तिने टकळीला डावी गिरकी दिली.

गोदाक्का सरपणाची मोळी घेऊन आली आणि दारातच थबकली. "कुणाचं मयत काढायला बसलीस गं?"

सारजाने टकळी थांबवली नाही. "आत्या, कातताना आपण सुताला उजवीकडं लई पीळ घालतो. त्याला मागं यायचं असतं. मी जबरदस्ती करत न्हाई. नुसतं येऊ देती."

गोदाक्काने मोळी टाकली. वळलेला धागा हातात घेतला, सैल सोडला. तो कुठेही न गुरफटता सरळ लोंबला. आयुष्यभर सूत कातलेली ती बाई. धोंडा न बांधता असं शांत राहिलेलं सूत तिने कधी पाहिलं नव्हतं. तिने तो ताणून पाहिला. मग खाली बसली आणि सुताचे दोन्ही गुंडे तिने आपल्या मांडीत घेतले.

"दोन्ही पदर सारखे सोडायला माणूस लागतं," ती म्हणाली. "तू फिरव. आन् कुणी इचारलं, तर सांग, गोदाक्कानं फिरवायला लावली."

सासू पदर सोडत गेली, सून वळत गेली. मग चुलीवर रिठ्याचं कढत पाणी केलं, लडी त्यात बुडवून ठेवल्या. घरभर मेंढरांचा वास सुटला. लडी पिळल्या नाहीत, हाताने नुसत्या दाबून पाणी काढलं. दोन हातांत धरून झटके दिले, दगडावर आपटल्या, आणि बाभळीच्या फांदीवर टाकल्या, धोंड्याशिवाय. वाळल्यावर सूत फुगून गुबगुबीत झालं. गाठीगाठीचं होतं, देखणं मुळीच नव्हतं. त्याची वाघर विणली.

धुळाबाने ती पाहिली आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. उलट्या हाताचं सूत कोणी केलं, कोणी करायला लावलं, असं त्याने चारचौघांत विचारलं. सारजा तोंड उघडायच्या आत गोदाक्का म्हणाली, "मी." बास, एवढंच. धुळाबा म्हणाला की अवस होऊ दे, मग बघू. वाघर तुटलीच, तर सुनेबरोबर सासूलाही वाटेला लावायचं त्याने मनाशी ठरवलं होतं, असं म्हणतात.

अवसेचा दिवस आला. मेंढ्या लांब चरायला गेलेल्या, माणसं कुत्र्यांसह त्यांच्यामागे. ऐन तिसऱ्या प्रहरी आभाळ काळवंडलं, वावटळ उठली, आणि वावटळीच्या आडून लांडगे आले. एक नाही, दोन नाही, सगळ्या माळावरचे. त्यांनी वाघर दातांत धरली आणि एकदम ओढली. वाघर तुटली नाही. त्यांनी पुन्हा ओढली, तेव्हा खुंट उपटले गेले. जाळी कोकरांवर पडली, त्यांच्याभोवती वळली आणि कोकरांचं एक मोठं गाठोडंच झालं. सारजा आणि गोदाक्का जळती लाकडं घेऊन धावल्या. लांडग्यांनी ते बें बें करणारं गाठोडं फरफटत ओढ्यापर्यंत नेलं, चावलं, ताणलं, दगडांवर घासलं. आतल्या एकाही कोकराला दात लागला नाही. शेवटी कुत्र्यांचा आवाज जवळ आला आणि लांडगे पळाले. एकाचा तर दात वाघरीच्या गाठीत अडकला होता. तो दात तिथेच सोडून गेला, असं म्हणतात.

धुळाबा धापा टाकत आला. त्याने गाठोडं उलगडलं, तशी कोकरं एकेक करून बाहेर पडली आणि शिंकली. म्हाताऱ्याने एक धागा दोन्ही हातांत धरून पायाचा जोर लावून ओढला. मग सोडून दिला. त्याचे डोळे भरून आले, आणि ते त्याने लपवले नाहीत.

"गोदाक्का," तो म्हणाला, "उद्यापासनं माझ्या सुनांनाबी तुम्हा दोघींपाशी बसव."

दुसऱ्या दिवशी त्याच्या सुनांनी त्याला विचारलं, दोन पदर वळताना टकळी कुठल्या अंगानं फिरवायची? जन्मभर जे अशुभ म्हटलं, ते "उलटं" त्याच्या तोंडातून निघेना. त्याने सारजाकडे बोट केलं.

"सारजाकडं," तो म्हणाला.

तेव्हापासून वाघरमाळात डावीकडे कोणी म्हणत नाही. पुढे सारजाची सारजाई झाली, म्हणून सारजाईकडे म्हणतात. वाट वळली तरी सारजाईकडे वळते. सारजा म्हातारी होऊन गेली त्याला किती पिढ्या झाल्या, कोणाला सांगता येत नाही. ओढ्याकाठी वारा पडला की अजून टकळीची घरघर ऐकू येते, असं म्हणतात.

आता वाघरी नायलॉनच्या आल्या. तरी घरात नवी सून आली की ती आपल्या हाताने पहिलं सूत कातते, दुपदरी वळते, रिठ्याच्या पाण्यात धुते आणि धोंडा न बांधता वाळवते. सूत गाठीगाठीचंच असावं लागतं. एखादी माहेराहून शिकून आलेली असली, तर तिला डोळे मिटून कातायला लावतात, म्हणजे गाठी पडतात. वळताना गुंडे सासूच्या मांडीत असतात. मग ते सूत कोकरांच्या वाड्याच्या तोंडाशी बांधायला नेतात, आणि गावातलं सगळ्यांत वयस्कर माणूस मुद्दाम आवाज चढवून विचारतं, हे उलट्या हाताचं सूत कोणी करायला लावलं?

सून गप्प राहते. सासूने "मी" म्हटल्यावरच त्या सुताची गाठ मारतात.