अजगराचा श्वास

एका राज्यात, दिवस मावळायला घटकाभर उरला असताना, किल्ल्याखालच्या भुयारात अजगराने सारंग माळ्याला वेढा घातला. राजा दुर्गसेनाने त्याला शापित माणिक आणायला धाडले होते. माणकाला हात लागला आणि अजगर जागा झाला.

राजवाड्यातल्या बोलक्या मैनेने ही खबर सारंगच्या बहिणीला, कमळजेला दिली. ती दरबारात कथा सांगत असे. मैनेला खांद्यावर घेऊन ती धावत भुयारात उतरली. आत माणकाचा तांबूस उजेड पाण्यासारखा हलत होता.

अजगर म्हणाला, "कथा सांग. आवडली तर भाऊ तुझा. संधी तीन."

कमळजेने राजवाड्याची कथा लावली. मोगऱ्याचे ताटवे, हंसांचे तळे, राणीच्या शालूचे काठ. अजगराचे डोळे मिटू लागले. झोपेत त्याचे अंग शिळेसारखे जड झाले.

"ताई," सारंग कण्हला, "राणीचं नेसून होईपर्यंत मी मरेन गं!"

कमळजेने टाळ्या वाजवून अजगराला उठवले. दुसऱ्या कथेत तिने दरोडेखोर आणले, वणवा पेटवला, पूल तोडला, खाली मगरी सोडल्या. उसंत म्हणून ठेवली नाही. अजगर ताठरला, वेढा आवळला, सारंगचे ओठ निळे पडले.

भयाने तिने कथा तिथेच तोडली. तेव्हा तिला दिसले, की अजगर श्वास रोखतो तेव्हा वेढा आवळतो आणि सोडतो तेव्हा सैलावतो.

तिने तिसरी कथा हळू सुरू केली. "एक बाई मडक्यात विस्तव घेऊन रानातून निघाली. घरी तिचं बाळ थंडीनं काकडलं होतं. मागे वाघ लागला."

अजगराने श्वास रोखला.

"बाई झऱ्याशी थांबली. विस्तवावर फुंकर घातली. तिच्या तोंडावर उजेड पडला."

अजगराने श्वास सोडला. एक वेढा उतरला. त्याचे डोळे जडावले, तसे कमळजेने रानात वाळके पान वाजवले. मग चांदणे पाडले, मग पुन्हा वाघाचे पाऊल. वेढे उतरत गेले. सारंग सुटला.

"ताई, पळ!"

ती वळली. मागून अजगराने लहान पोरासारखे विचारले, "पोचली का ती?"

"असं टांगणीला लावून कसं जायचं रे त्याला?" म्हणत कमळजा परत बसली. "पोचली. राखेखाली निखारा एवढासाच उरला होता, तेवढा पुरला. बाळ हसलं. वाघ उंबऱ्याबाहेर शेकत बसला."

अजगराने मोठा निःश्वास टाकला. खवले पानांसारखे गळाले. आत उभे होते दुर्गसेनाचे थोरले बंधू, राजा हंसध्वज. राज्याने त्यांचे सुतक कधीच पाळले होते.

"जागेपणी कथेचा शेवट ऐकला तरच शाप सुटायचा होता," ते म्हणाले. "कोणी शेवटापर्यंत पोचलंच नाही."

तिघे दाराशी आले. दार बाहेरून बंद होते. मैना झरोक्यातून उडाली, गावाला हाका मारून घेऊन आली, तेव्हा दार उघडले.

हंसध्वज गादीवर बसले, राज्याची घडी बसली. भर दरबारात त्यांनी विचारले, "दार कोणी लावलं?"

पहारेकरी म्हणाले, "आम्ही जेवायला गेलो होतो, महाराज."

दुर्गसेन म्हणाला, "वाऱ्यानं लागलं असेल."

त्या दाराचा अडसर लोखंडी आहे. तो उचलायला चार माणसे लागतात.