साउथचे प्राध्यापक

"आणि खोटं बोललोच नाही, नुसतं खरं सांगितलं नाही... तर ते खोटं होतं का, भंते?"

भंते धम्मसार आपल्या भगव्या चीवराला टाका घालायला बसले होते. सुईत दोरा जाईना, म्हणून त्यांनी ती दाराच्या उजेडाकडे धरली.

"कोनाले सांगितलं नाही?"

"घरमालकाला."

"काय नाही सांगितलं?"

अश्वजित घुटमळला.

"आडनाव."

दोरा सुईत गेला. भंते मान खाली घालून शिवू लागले.

अश्वजित गजभिये मूळचा पवनीचा, वैनगंगेकाठचा. वय सत्तावीस. संख्याशास्त्रात विद्यापीठात पहिला आलेला, आणि ते तो विसरत नसे, दुसऱ्यालाही विसरू देत नसे. नोकरी लागली ती थेट राज्याच्या दुसऱ्या टोकाला, कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी, कॉलेजात. सोमवारी रुजू व्हायचं होतं. आज शनिवार उजाडला तरी राहायची जागा ठरली नव्हती. सामान लॉजवर पडून होतं.

भंते त्याच्या लहानपणी पवनीच्या विहारात होते. पाली गाथा त्यानं त्यांच्यापुढं मांडी घालून पाठ केल्या होत्या. या वर्षीचा वर्षावास, पावसाळ्याचा मुक्काम, त्यांनी याच गावाबाहेरच्या टेकडीवर, एका छोट्या विहारात धरला होता. आई फोनवर म्हणाली, "भंतेजी तिकडंच आहेत बाप्पा, जाऊन विचार त्यायले." म्हणून तो सकाळीच टेकडी चढून आला.

खरं तर तो विचारायला आला नव्हता. आपण ठरवलंय ते बरोबर आहे, एवढं भंतेंच्या तोंडून ऐकायला आला होता. अडचण एवढीच, की आपण काय ठरवलंय ते त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

"दोन जागा आहेत, भंते," तो म्हणाला. "एक राजहंस कॉलनीत. कॉलेजपासून पाच मिनिटं. वरचा मजला, वेगळा जिना, खिडकीशी टेबल ठेवायला जागा. मालक इनामदार म्हणून आहेत, निवृत्त. दोनदा फोनवर बोललो. छान बोलले. 'अश्वजित सर, अश्वजित सर' करत होते. आडनाव त्यांनी विचारलंच नाही."

"मंग?"

"एजंट म्हणाला, विचारलंच तर जी. अश्वजित सांगा. साउथचे वाटाल."

भंतेंची सुई क्षणभर थांबली... पुन्हा चालू झाली.

"आणि दुसरी?"

"पंचशीलनगरात. बनसोडे मावशी म्हणून आहेत, आईच्या ओळखीतल्या. माडीवरची खोली देतात. आपलीच माणसं. पण कॉलेज लांब, आणि... तुम्हाला ठाऊक आहे, भंते. दिवसभर दारात लोक. याचा अर्ज, त्याचा दाखला. मी शिकलो ते काय अर्ज लिहायला?"

त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यावर तक्ता होता. अंतर, पाणी, शांतता, मोकळेपणा. प्रत्येकाला दहापैकी गुण.

"काल हा तक्ता केला. मोकळेपणाला राजहंसला नऊ दिले, पंचशीलनगरला तीन. आज सकाळी उठून पुन्हा केला, तर बरोब्बर उलटे पडले. मी माणूस बदललो की जागा बदलल्या? मला काहीच सुचेनासं झालंय. एजंटला संध्याकाळपर्यंत सांगायचंय."

भंतेंनी दोरा दातानं तोडला. चीवर अंगावर घेतलं. कोपऱ्यातलं भिक्षापात्र उचललं.

"चाल."

"कुठं?"

"जेवाची वेळ टळन."

विहारात डबे पोचवायला उपासक तयार असत, पण भंते जुन्या नियमाचे. स्वतः दारोदार जायचे. कुठल्या दारी मिळतं आणि कुठल्या दारी नाही हे ते बघत नसत. रस्त्यानं जे दार पहिलं येईल तिथं थांबायचं, मग त्याच्या पुढच्या. एकही वगळायचं नाही. काही मागायचं नाही. दहा-वीस श्वास उभं राहायचं आणि पुढं निघायचं.

अश्वजित पाठोपाठ निघाला. त्याला वाटलं, वाटेत बोलतील. भंते बोलले नाहीत.

टेकडी उतरली की पहिलं पंचशीलनगरच लागतं. पहिल्या दारापाशी भंते उभे राहिले आणि पाचव्या दारापर्यंत बातमी जाऊन पोचली. बायका ताटल्या घेऊन बाहेर आल्या. कुणी भात घातला, कुणी मुगाची उसळ. पायांवर डोकी टेकली.

"आणि हे सर का? आले का आपले सर!"

बनसोडे मावशी पदराला हात पुसत धावत आल्या. ठेंगण्या, गोल, तोंडभर हसणाऱ्या. त्यांनी अश्वजितचा दंड धरला तो सोडलाच नाही.

"वर बघा तरी! चुना मारून घेतलाय खोलीला. पंखा बसवलाय. आणि हे बघा..."

जिन्याच्या तोंडाशी पाटी टांगलेली होती. निळ्यावर पांढरी अक्षरं. प्रा. अश्वजित गजभिये.

"भाच्याकडनं रंगवून घेतली. आमच्या आळीत पहिला प्रोफेसर! म्हटलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू दे."

अश्वजितनं पाटीवरची अक्षरं बोटानं चाचपली. त्याच क्षणी एक म्हातारबाबा पुढं झाले आणि त्यांनी पिशवीतून कागदांचं भेंडोळं काढलं. "सर, एवढं निराधार योजनेचं बघता का? चार महिने हेलपाटे घालतोय." त्यांच्यामागं आणखी दोघं उभे होते. एक बाई विचारत होती, लग्न झालंय का सरांचं.

त्यानं म्हातारबाबांचे कागद घेतले, उलटसुलट केले, म्हणाला, "बघतो, बाबा, बघतो." पाटीकडे पुन्हा नजर गेली. मायेनं केलेली होती. आणि त्याला कुणीही न विचारता केलेली होती. त्याला मिठी मारावीशी वाटत होती आणि पळून जावंसंही वाटत होतं.

भंते तोवर पुढच्या दाराशी पोचले होते.

आळी संपली. रस्ता ओढ्यावरून वळला. पलीकडे सिमेंटचा रस्ता, बंगल्यांच्या रांगा, फाटकांवर नावं.

अश्वजित थांबला.

"भंते, ही राजहंस कॉलनी. इकडं कुणी वाढत नाही. पात्र भरलंय की. परतू या."

भंते चालत राहिले.

पहिलं फाटक. कुत्रं भुंकलं. भंते उभे राहिले, श्वास मोजल्यासारखे. कुणी आलं नाही. दुसऱ्या दारी खिडकीतून आवाज आला, "पुढं जा." तिसऱ्या दारी एका मुलीनं दोन केळी आणून दिली आणि नमस्कार कसा करायचा ते न कळून सॅल्यूट ठोकला. चौथ्या दाराला कुलूप होतं. भंते त्या कुलपासमोरही तेवढाच वेळ उभे राहिले.

पाचवं फाटक इनामदारांचं होतं. एजंटनं ते बाहेरून दाखवलं होतं. शेजारच्या कुंपणावर बोगनवेलीचा दाट झुबका रस्त्यावर उतरला होता. काय करतोय हे कळायच्या आत अश्वजित त्याच्या मागं गेला. काटे दंडाला लागले. तो हलला नाही.

फाटक वाजलं.

"या महाराज, या," बाईमाणसाचा आवाज. इनामदार काकू असणार. "थांबा हं, थालीपीठ तव्यावरच आहे."

मग काका आले. अश्वजितनं आवाज ओळखला, फोनवरचाच, मऊ आणि मोकळा.

"नमस्कार. टेकडीवर असता ना आपण? गॅलरीतून बघतो मी. मघाशी तर दोघं येताना दिसलात. बरोबर कुणी होतं ना?"

"होतं," भंते म्हणाले.

"मग कुठं गेलं?"

"मीबी तेच शोधून राहिलो."

काका हसले. बहुधा त्यांना ही साधूंची बोलायची रीत वाटली.

"काही कामानं आलाय का तो?"

"राहाले जागा पायते."

"अरेरे. आधी सांगितलं असतं तर! आमचं वरचं रिकामंच होतं. पण दिलं आम्ही. एका प्राध्यापकाला. साउथचे आहेत, एजंट म्हणाला. अश्वजित म्हणून. मराठी मात्र काय बोलतात! एक अक्षर इकडचं तिकडं नाही. आपल्या पोरांनी शिकावं. त्यांच्यात शिक्षणाची परंपराच असते ना, महाराज."

...

बोगनवेलीमागं अश्वजितचे कान तापले. 'का'च्या जागी 'काहून' म्हणायची सवय त्यानं मोठ्या कष्टानं मोडली होती, आरशासमोर उभं राहून. ते शुद्ध मराठी आता कुण्या साउथच्या प्राध्यापकाच्या नावावर जमा होत होतं. वैनगंगेच्या घाटावर त्याला पाढे शिकवणारी त्याची आई, सातवी शिकलेली, तीही त्या माणसाला नव्हती. त्या माणसाला कुणीच नव्हतं. सोमवारपासून तो माणूस या जिन्यानं वर जाणार, खिडकीशी बसणार, आणि खाली कुणी 'गजभिये' अशी हाक मारली की दचकणार.

आणि भंते काही बोलत नव्हते. एक शब्द बोलले असते तरी त्याची सुटका झाली असती.

काकूंनी थालीपीठ पात्रात ठेवलं. भंतेंनी डोळे मिटून मंगलकामना म्हटली. आता ते वळणार, पुढच्या दाराशी जाणार. सगळं होतं तसं राहणार.

अश्वजित बाहेर आला. दंडावर रक्ताची बारीक रेघ उठली होती.

"काका, तो मीच."

"कोण?"

"प्राध्यापक. फोनवर बोललो ना आपण. पण मी साउथचा नाही. भंडारा जिल्ह्यातला, पवनीचा. अश्वजित गजभिये. भंतेंच्या विहारातच वाढलो."

इनामदार काकांनी त्याच्याकडं पाहिलं. मग भंतेंकडं. मग पुन्हा त्याच्याकडं. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं अश्वजितला वाटून गेलं.

"असं होय... असं होय," काका म्हणाले. "नाही, म्हणजे माझं काही नाही. मी मानत नाही असलं काही. फक्त ते वरचं जरा... पावसात गळतं. मी सांगणारच होतो तुम्हाला. तुमची पुस्तकं वगैरे भिजायची."

"गळत नाही हो," काकू म्हणाल्या. "परवाच तर गिलावा केला."

वर कुठंतरी नळ ठिबकत होता तेवढा आवाज.

"बघू," काका म्हणाले, "बोलू फोनवर." आणि आत गेले. चप्पल दारातच उलटी पडली, ती सरळ करायलाही थांबले नाहीत.

काकू उभ्या होत्या. हाताला पीठ लागलेलं.

"वरची चावी माझ्याकडं असते," त्या हळूच म्हणाल्या. "तुम्ही सोमवारी या. यांचं मी बघते. माणूस वाईट नाही हो... शेजारचे काय म्हणतील, एवढंच आहे त्यांचं." मग त्यांचं लक्ष त्याच्या दंडाकडं गेलं. "हळद आणू का?"

"नको, काकू."

फाटक लागलं.

भंते सहाव्या दारी गेले. सातव्या. अश्वजित त्यांच्या शेजारी उभा राहिला, प्रत्येक ठिकाणी. आठव्या दारी एका माणसानं त्याच्याकडं बघून विचारलं, "तुम्ही कोण?" आणि त्यानं पूर्ण नाव सांगितलं. माणसानं खांदे उडवले, भात वाढला.

टेकडीच्या पायथ्याशी दगडावर भंते जेवायला बसले. उसळ, केळं, थालीपीठ, भात, सगळं एकत्र झालं होतं. ते सावकाश जेवले. अश्वजितला भूक नव्हती. त्याच्या डोक्यात सकाळपेक्षा जास्त गोंधळ होता.

"भंते," तो शेवटी म्हणाला, आणि आपल्या तोंडून जुनी बोली बाहेर पडतेय हे त्याच्या ध्यानातही आलं नाही, "आता तं मले कायच समजून नाही राहिलं. काकू चावी देतो म्हणते. घेतली, तर मी त्यायच्या दयेवर राहिलो. नाही घेतली, तर भिऊन पळालो. मावशीकडं गेलो, तर ते पाटी... तिथं मी राहीन का पाटी राहीन? अन् लॉजवर तरी किती दिवस राहू?"

भंतेंनी पात्र धुतलं. पाणी गवतावर ओतलं.

"म्या सकाळपासून एकच विचारून राहिलो, भंते. सांगा न. काहून नाही सांगत? कुठं राहू मी?"

भंते उठले. त्याच्या दंडावरच्या ओरखड्याकडं त्यांनी बराच वेळ पाहिलं...

"मघा त्या बोगनवेलीच्या मांगं राहत होता तू," ते म्हणाले. "तिथून तं निघाला."