पासष्टावी मात्रा

मृण्मयी खोपकर म्हणजे पक्की रॉकवाली. दहा वर्षं इलेक्ट्रिक गिटारने लोकांच्या खिडक्या हादरवल्यावर तिने चक्क चाळीस वादकांच्या ऑर्केस्ट्रासाठी रचना लिहिली. ती रविवारच्या जलशात वाजणार की नाही, हे जलसा भरवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष भाऊसाहेब मुजुमदार ठरवणार होते.

तालमीला येताच त्यांनी सुनावलं, "बाई, ऑर्केस्ट्रात वाजवण्याइतकंच थांबणंही लागतं. तुम्हा धांगडधिंगावाल्यांना गप्प बसणं काय कळणार? रचना रद्द!"

मृण्मयी हसली. "आज ट्रँगलवाला, तो लोखंडी त्रिकोण वाजवणारा, आलेला नाही. तेवढं तुम्ही सांभाळा. चौसष्ट मात्रा मोजायच्या आणि पासष्टाव्या मात्रेला एक ठोका द्यायचा. जमलं, तर रचना मी स्वतः फाडते. चुकलं, तर रविवारी वाजणार."

"एकच ठोका? हा तर माझ्या हातचा मळ!"

व्हायोलिनं सुरू झाली. दहापर्यंत भाऊसाहेबांनी नीट मोजलं. अकराव्या मात्रेला त्यांनी बासरीवाल्याला ताठ बसायला सांगितलं. विसाव्या मात्रेला ते शेजारच्या चेलोवालीला आपल्या व्हिएन्नाच्या सहलीबद्दल सांगू लागले. सहल रंगात आली आणि रचना संपून सगळी वाद्यं थांबली.

भाऊसाहेबांनी ट्रँगलची दांडी उगारली. "हं, आता वाजवू?"

"तुमचा ठोका केव्हाच होऊन गेला, भाऊसाहेब," मृण्मयी म्हणाली. "चाळीस जणांत गप्प बसायचं काम मी एकट्या तुम्हाला दिलं होतं."

सगळे हसले. मग भाऊसाहेबही हसले.

रविवारी पहिल्या रांगेत ते बोटांवर मोजत बसले. पासष्टाव्या मात्रेला ट्रँगल किणकिणला, तेव्हा रचना अर्धीच झाली असताना भाऊसाहेब ओरडले, "वाहवा!"