कुलपातलं वायफाय

मी पहिल्या दिवसापासून ओरडत होते, पण माझं कुणी खरं मानलं नाही. चौथी शिकलेल्या बाईला वायफायमधलं काय कळणार?

नव्या घरात राउटर निवडून आणला तो थोरल्या दिरांनी, रिटायर साहेबांनी. महागाचा म्हणून लोखंडी कपाटात ठेवला, मागे भोक पाडून वायर आत घेतली आणि वर कुलूप लावलं. मागच्या खोलीत नेट येईना. मी म्हटलं, कपाटामुळं. सासूबाई म्हणाल्या, "हिच्या मिक्सरमुळंच!"

त्या दिवशी अकरा वाजता माझ्या प्रांजलची नोकरीची मुलाखत त्याच खोलीतून व्हायची होती. साडेदहा झाले, पोरगी रडकुंडीला आली. भाऊजी पिशवी घेऊन दुकानाला निघाले.

"अगं, वायफाय आवाजासारखं असतं. हा बारीक आवाजाचा निघाला. सहा दांड्यांचा आणतो, घरभर घुमेल."

मी दारात आडवी झाले. "भाऊजी, आख्ख्या आळीत तुमच्याहून मोठा आवाज कुणाचाय? मग शिरा कपाटात. मी दार लावते, तुम्ही आतून चहा मागा. मागच्या खोलीत ऐकू आला, तर आणा सहा दांड्यांचा!"

भाऊजींनी कपाटाकडं पाहिलं आणि खिशातली किल्ली काढून दिली. राउटर मी बाहेर टेबलावर मांडला. मागून प्रांजल किंचाळली, "आई, आलं!"

मुलाखत झाली, नोकरीही लागली. पेढे वाटताना मी विचारलं, "सासूबाई, मग नेट माझ्या मिक्सरनं खाल्लं होतं का?"

सासूबाई तोंडातला पेढा तसाच ठेवून आपल्याच थोरल्या लेकावर ओरडल्या, "विश्वंभर!"