ओ न देण्याची अट

सागाच्या रानाआड एक तळे होते. त्या तळ्याकाठच्या शेवटच्या झोपडीत बयना आणि तिची माय राहत. चूल पेटे ती दिवसाआड. डोंगा पाण्यात लोटताना माय रोज सांगे, "त्या समोरच्या, पाण्यातल्या जळक्या खोडापाशी जाळं लावते. हाकेच्या अंतरावरच आहे मी. हाक मारली, की ओ दे."

त्या सकाळी दुधाळ धुके उतरले आणि डोंगा परतला नाही. लांबून हाक आली, "बयनाऽ! डोंगा उलटला वं!" बयनाने ओ दिली, पण हाक कधी डावीकडून येई, कधी उजवीकडून.

"हाकेमागं गेलीस तर तूही बुडशील," शेजारचे डोमाकाका म्हणाले. "धुकं उठल्यावर पाहू."

"तोवर माय गारठून जाईल, काका!"

काका आपल्या झोपडीकडे वळले.

बयना काठाशी बसून रडू लागली. तेवढ्यात कमळाच्या पानाखालून बोटाएवढी परी वर आली: चंदेरी, निळसर, इवल्या इवल्या खवल्यांची.

"परी? मग पंख कुठं तुझे?"

"पाण्यात पंखांना पर म्हणतात, वेडाबाई. काल उपाशी असूनही तू अंड्यांनी भरलेली मासोळी सोडलीस, ती मीच. एक इच्छा माग. पण मासोळीपाशी असते तेवढेच मला देता येते."

"मासोळी धुक्यात चुकत नाही?"

"ती हाकेने अंतर मोजत नाही. तळाच्या वाळूवरच्या किती वळ्या पोटाखालून सरकल्या, ते ती जाणते. तिच्या दोन्ही कुशींवर बारीक छिद्रांची ओळ असते. दगडावर आपटून परतलेले पाणी त्या ओळीला लागते, आणि दगड कुठे आहे ते तिला कळते."

"तेच दे मला."

"दिले. मात्र परत काठाला पाय लागेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. शब्द निघाला, की देणे संपले."

बयना जळक्या खोडाच्या रोखाने पाण्यात शिरली. सोनेरी वळ्या पोटाखालून सरकू लागल्या. शंभर. दोनशे.

"बयनाऽ! ओ दे वं!"

ओठांशी आलेली ओ तिने गिळली.

"गेलीस का वं मले सोडून?"

पुढची हाक अर्धीच आली, आणि मग हाकाच थांबल्या. अट पाळता पाळता आपण मायलाच गमावले, असे बयनाला वाटले. तरी ती मोजत राहिली. दुसरे काही हाती उरलेच नव्हते.

तीनशे बाराव्या वळीवर उजव्या कुशीला पाणी परतून लागले. खोड! पण त्या पाण्यात बारीक थरथर होती, आणि लाकूड कधी थरथरत नाही.

खोडाला बिलगलेल्या मायचा गारठलेला हात बयनाने आपल्या वेणीवर ठेवला. सकाळी स्वतः घातलेली वेणी मायच्या बोटांनी ओळखली.

"बयना? बोल ना वं!"

बयना बोलली नाही. मायला वेणी धरू देऊन ती वळली आणि तिने तीनशे बारा वळ्या उलट मोजल्या.

पायांना चिखल लागला. धुक्याला सोनेरी चीर पडली. परी त्या उजेडात लखलखली, आणि उजेडच झाली. डोंगा तळाशी गेला तो गेलाच.

"किती हाका मारल्या," माय कुडकुडत म्हणाली. "ओ काहून नाही दिली वं?"

सांगायचे खूप होते. बयनाने मायच्या गळ्यात हात टाकले, आणि तिच्या तोंडून इवलासा एकच शब्द निघाला:

"ओ."